बालदी, टुवाल, खमीस

"थांब, खरी गंमत पुढंच आहे," कॅसिमिरने रिमोट दाबला. टूनगॅबीच्या त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर स्पेनमधल्या तोलेदोची दगडी गल्ली उमटली. इथे दक्षिण गोलार्धातली ऑगस्टची थंडी, हीटर चालू. फोटोत मात्र जुलैचं असं ऊन, की सगळ्यांचेच डोळे मिटलेले.

"ही इनेस. दोन वर्षं आमच्या लॅबमध्ये होती, मग गेली परत. हे तिचे वडील. ऐंशी वर्षांचा माणूस, पण प्रत्येक दगडाची हिस्टरी पाठ. चाळीस डिग्रीत आम्हाला फिरवतोय."

जेवायला आलेले हृषिकेश आणि मिताली मांडीवर प्लेटी घेऊन सोफ्यावर बसले होते. जेवणाच्या टेबलाशी कॅसिमिरची बायको पॉलीन जेवत होती. शेजारी तिची सासू, कॅसिमिरची मम्मी, नातीला, छोट्या एमाला, भरवत होती; चिकनमधलं हाड बोटांनी चाचपून काढायचं, मग घास.

"तर कॅथीड्रलमागच्या चढावर म्हाताऱ्याला भडाभडा उलटी झाली. इनेस रडायला लागली. आणि आमच्या मम्मीने काय करावं? समोरचं दार वाजवलं, नि त्या स्पॅनिश बाईला चक्क मराठीत: बालदी. टुवाल. खमीस."

हृषिकेश खो खो हसला. "मग?"

"मग काय, आणली ना तिने बालदी. टुवालपण. पोर्तुगीज वसईत जे शब्द सोडून गेले ना, मेट, ते तिथे चालले. मम्मीला वाटतं, अख्खा स्पेन वसईचाच. फक्त खमीस काही मिळाला नाही. तो माझ्या बॅगेतला गेला, नवाकोरा."

"म्हातारा थरथरत होता रे," मम्मी म्हणाली. तीही हसत होती.

पॉलीनला तो चढ आठवला. कॅसिमिर दहा पावलं मागे सरून, नाकाला रुमाल लावून उभा होता. मम्मी उकिडवी बसली होती. तिने म्हाताऱ्याचं तोंड पुसलं, त्याची कवळी काढून धुतली, परत बसवली, आणि लहान मुलाशी बोलावं तसं काहीबाही बोलत त्याला कपडे घातले. त्या रात्री रेस्टॉरंटमध्ये कॅसिमिरने मम्मीला तीनदा हात धुवायला पाठवलं होतं.

"आँटी नर्स होत्या ना, सवय असणार," मिताली म्हणाली.

"सिस्टर इनचार्ज," कॅसिमिर टीव्हीकडे बघत म्हणाला.

"नाय गो, सिस्टर कुठली," मम्मीने आणखी एक हाड बाजूला ठेवलं. "आया होते. एकतीस वर्षं. बेडपॅन, उलट्या, सगळं मीच करायची."

कॅसिमिरने घाईघाईने पुढचा फोटो लावला. नदी, पूल, कमानी.

"आणि तो शर्ट? परत मिळाला का?" मितालीने विचारलं.

"राहिला इनेसकडेच. गिफ्ट समज."

"बरं झालं," मम्मी म्हणाली. "निळा रंग शोभत होता त्याला."

पॉलीनला तिथलं स्टेशन आठवलं. उलटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इनेस धावतपळत स्टेशनवर आली होती. शर्ट धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेला. ती पाठमोरी होताच कॅसिमिरने पुडकं दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात सोडलं होतं, आणि बोटं पॅन्टला पुसली होती. मम्मी तेव्हा एमाला घेऊन टॉयलेटला गेली होती. तिला हे कधीच कळू द्यायचं नाही, असं पॉलीनने ठरवलं होतं. महिनाभर तिने ते गिळलं होतं. त्या उलटीची तिला किळस आली नव्हती. त्या दोन बोटांची येत होती, अजून. रोज, तो कपाला, दाराला, एमाच्या गालाला हात लावायचा तेव्हा.

"राहिला नाही," तिच्या तोंडून निघून गेलं. "डस्टबिनमध्ये टाकलास तू. इस्त्री करून आणला होता तिने."

"पॉलीन. नॉट नाउ."

हृषिकेश प्लेटीतल्या भाताकडे बघत राहिला. मम्मीने मुलाकडे पाहिलं.

"धुतलेला होता ना रे?"

कॅसिमिरने टीव्ही बंद केला.

"नाना, मोअर," एमाने आजीपुढे आ केला.

मम्मीच्या बोटांत घास तयार होता. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि तो हळूच ताटात ठेवला.

"तू भरव गो," ती पॉलीनला म्हणाली, आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.