फक्त वाचन

राज्यकारभार हक्कांच्या योग्य वाटपावर उभा असतो. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून हणमंतरावांनी हे वाक्य उभं राहून उच्चारलं, आणि लगेच कूलरमध्ये पाणी भरलं नाही म्हणून शिपायाला शिवी हासडली.

समोर संगणकावर विरूपाक्ष बसला होता. कंत्राटी ऑपरेटर, चाळिशी ओलांडलेला. लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं ते वर्ष. त्यातच लातूर फोडून नवा जिल्हा होणार आणि ठिकाण आपल्याच गावाला मिळणार, अशी आवई उठली होती. म्हणून कचेरीतले संगणक एकमेकांना जोडले गेले. सगळ्यांसाठी एक सामाईक फोल्डर झाला, त्याचं नाव 'नियोजित जिल्हा'. गावांनी मागितलेल्या टँकरच्या नोंदी त्यातच ठेवायच्या होत्या. त्यात कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं बघायचं, एवढं ठरवायचं राहिलं होतं.

"त्यात काय ठरवायचं?" हणमंतराव म्हणाले. "पगाराप्रमाणं दे. तहसीलदार साहेबाला सगळे हक्क. नायब साहेबाला अन् मला लिहायचा. बाकीच्यानं बघायचं."

"पर रावसाहेब, टंचाईचं काम नीलाबाई करायल्यात. लिहायचं तर त्यान्लाच हाय."

"साहेबाएवढा हक्क कनिष्ठ लिपिकाला? उद्या खुर्ची बी देशील! जिल्ह्याचं ठिकाण व्हायलंय इरूपाक्षा, जरा मोठ्या मनानं विचार कर."

विरूपाक्षनं मोठ्या मनानं विचार केला. त्याचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायची टिपणी हणमंतरावच लिहिणार होते. त्यानं नीलाबाईंच्या नावापुढं 'फक्त वाचन' करून टाकलं.

दोन-चार दिवसांनी नीलाबाई त्याच्या टेबलाशी आल्या. "विरूपाक्षभाऊ, निंबाळवाडीचा अर्ज आलाय. नोंद टाकायला गेले तर मशीन म्हणतंय परवानगी न्हाई. माझ्याच कामाची मला परवानगी न्हाई व्हय?"

"तुमच्या संगणकावर राहू द्या ताई. सांजपतुर मी टाकतो आत."

संध्याकाळी हणमंतरावांनी त्याला नव्या जिल्ह्याच्या पाटीचा नमुना करायला बसवलं. अक्षरं लाल की निळी, यावर आठवडा गेला. निंबाळवाडी विरूपाक्षच्या डोक्यातून पार उतरली.

ती परत आली केवळाबाईच्या रूपानं. म्हातारीचा हात प्लास्टरमध्ये, लुगड्याच्या चिंधीनं गळ्यात अडकवलेला.

"आमचा टँकर कुठं मुरला म्हन्ते मी?" तिनं दारातूनच विचारलं. "हिरीत उतरले, पाय घसरला. हात गेला तर गेला, घागर बी गेली. नवी व्हती."

हणमंतरावांनी फोल्डर उघडला. "निंबाळवाडी आत न्हाई. नीलाबाई, ही हयगय हाय. नोटीस निघंल."

नीलाबाईंनी विरूपाक्षकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो कीबोर्डातली धूळ बघत बसला.

म्हातारी त्याच्या बाजूच्या बाकावर टेकली. त्यानं आपली बाटली पुढं केली. तिनं एक घोट घेतला आणि बाटली परत दिली.

"घ्या की आजी अजून."

"नगं. तुमाला बी दिस काढायचाय. तुमी काय, पानी देनारे का?"

"न्हाई. मी कंप्यूटरचा."

"मग तुमी काय करनार बापडे," ती म्हणाली.

हे मात्र त्याला सोसवेना. तोवर नोटीस सहीला जाऊन आली होती. तो उठला आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरला.

"साहेब, चूक नीलाबाईंची न्हाई, माझी हाय. लिहायचा हक्क मीच दिला न्हाई. नोंद मी टाकतो म्हणलो अन् इसरलो."

"कुठं टाकतो?"

"फोल्डरमधी."

"कोणत्या?"

साहेबांचा संगणक बंद होता. त्याची वायर काढून तिथं कूलर लावला होता. विरूपाक्षनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी कंत्राटासकट. साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, टँकर फोनवर जातात. सरपंच मला फोन करतात, मी मलप्पाला करतो. या गावानं अर्ज कशाला केला?"

त्यांनी तिथल्या तिथं टँकरवाल्या मलप्पाला फोन लावला. निंबाळवाडीची खेप ठरायला पान थुंकण्याएवढा वेळ लागला.

"अन् नोटीस, साहेब?"

"तिच्यावर सही झालीय. देतील त्या खुलासा. तुमचं नाव नाही ना त्यात?"

"न्हाई."

"मग झालं तर."

बाहेर केवळाबाई एसटी गाठायला निघून गेली होती. विरूपाक्षनं कुणालाही न विचारता नीलाबाईंना लिहायचा हक्क दिला आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"ताई, मी साहेबाला सांगून आलो, चूक माझी हाय म्हणून."

"मग?"

"नोटीस तशीच हाय."

नीलाबाईंनी खुर्ची संगणकाकडं वळवली. "द्या, आता तरी टाकू द्या," त्या म्हणाल्या आणि निंबाळवाडीची नोंद फोल्डरमध्ये टाकली. या खेपेला मशीननं कुरकुर केली नाही.

त्या फोल्डरमधली ती पहिलीच फाईल होती.