गुरांसाठी थांबलेला खेळ

पाऊस आला तरी दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या एमतोंजेनी गावात खेळ थांबत नाही. पोरं चिखलात लोळतात, पण बॅट सोडत नाहीत. खेळ थांबतो तो फक्त गुरांसाठी. दुपार कलली की टेकडीवरची गुरं बंधाऱ्यावर पाण्याला निघतात, आणि त्यांची वाट मैदानाच्या बरोबर मधून जाते. मैदान आमच्या सासऱ्यांच्या वेळचं, वाट त्याच्याही आधीची. पंच हात आडवा करतो, पोरं खेळपट्टीवरची काथ्याची चटई गुंडाळून बाजूला नेतात, आणि गाई-वासरं ऐटीत पलीकडं जातात. तेवढ्या वेळात आम्ही बायका हंड्यांवरची झाकणं काढतो. परगावचे संघ पहिल्यांदा येतात तेव्हा हसतात. मेंढीच्या रश्श्याची ताटं हातात पडली की गप्प बसतात.

मला सगळे मारादेबे म्हणतात. रादेबे हे माझं माहेरचं कूळ, आणि सून म्हातारी झाली तरी तिची हाक माहेरचीच राहते. माझं तोंड तिखट आहे असं गाव म्हणतं. खरंच आहे, उगाच कशाला नाही म्हणू? पण हे तोंड एका जागी बंद असतं. थोरल्या दिरांच्या गोठ्यापुढच्या अंगणात. गावची बैठक तिथंच भरायची, आणि त्या गोठ्यात नवऱ्याच्या घरच्या पूर्वजांची वस्ती. सुनेनं त्या अंगणातून चालायचं नाही, तिथं बोलायचं नाही. बायका लांब, झोपड्यांच्या भिंतीला टेकून बसायच्या आणि ऐकायच्या. दीर गावचे मुखिया. सगळे त्यांना गत्येनी म्हणतात, कुळाच्या नावानं. माझा नवरा गेला त्यालाही वर्षं झाली, पण तोवर ह्या माणसाशी मी जन्मात समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते.

ही गोष्ट घडली त्या साली हिवाळा सरता सरता आमच्याकडच्या ईस्ट लंडन शहरातून लोन्वाबो नावाचा तरुण आला. क्रिकेटवाल्यांनी पाठवलेला. त्याच्याजवळ मोठा नकाशा होता. आमच्या मैदानावर प्रशिक्षण केंद्र बांधायचं, चार नेट, पक्की खेळपट्टी, कायमचा प्रशिक्षक, आणि शेजारी गावासाठी सभागृह. पोरांचा संघ, पोरींचाही संघ. फक्त गावानं हो म्हणायला हवं होतं.

पोरींचा संघ म्हणताच माझे कान टवकारले. माझी नात वुयेल्वा माझ्याजवळ राहते. तेव्हा पंधराची पोर, पण चेंडू असा टाकते की भले भले बाप्ये एक पाऊल मागं सरतात. तिची आई केपटाउनला कामाला. जानेवारीत पोरीला तिकडं न्यायचं असं ठरलं होतं, कारण इथं तिला शिकवणारं कोणी नाही. माझी तिन्ही लेकरं अशीच गेली, एकेक करून, बॅग उचलून. वुयेल्वानं नकाशा पाहिला आणि आईला फोन लावून स्पष्ट सांगितलं, केंद्र झालं तर मी आजीजवळच राहणार. आई म्हणाली, बघू, आधी होऊ तर दे.

मग बैठक भरली. लोन्वाबोनं छान समजावून सांगितलं. गत्येनी काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. नकाशात मैदानाभोवती तारेचं उंच कुंपण होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, माझी गुरं पाण्याला कुठून जाणार? लोन्वाबो म्हणाला, बाबा, कुंपणाला वळसा घालून. गत्येनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, ह्या वाटेनं माझ्या आजोबांची गुरं गेली, आणि आता वळसा गुरांनी घालायचा होय? खेळ तिथं उपरा, गुरं नव्हेत.

लोन्वाबोनं थोडी वाट पाहिली आणि म्हणाला, ज्यांना केंद्र हवंय त्यांनी हात वर करा.

एकही हात वर झाला नाही. कसा होईल? आमच्यात हात मोजत नाहीत. पहिल्या बैठकीत मुखियाचं ऐकून घ्यायचं, दुसऱ्या बैठकीत हळूच दुसरी बाजू काढायची, आणि कोणाचंच मन खट्टू राहिलं नाही म्हणजे ठरलं. पण हा शहरात वाढलेला, घाईचा जीव. त्याला वाटलं अख्खं गाव विरोधात आहे. नकाशा गुंडाळून म्हणाला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या सामन्यांना येईन, तेव्हाही मन बदललं नसेल तर केंद्र नदीपलीकडच्या गावाला देऊ.

मी भिंतीला टेकून दातओठ खात बसले. पूर्वज माझ्याकडं बघत होते म्हणून, नाहीतर दोघांनाही सरळ केलं असतं, त्या शहाण्यालाही आणि आमच्या मुखियालाही.

पुढच्या महिन्यात पुरुष गत्येनींकडं जाऊन आले. हात हलवत परत आले. गत्येनींना बैठक पुन्हा बोलवायचीच नव्हती. एके दिवशी वुयेल्वानं आपले चार कपडे धुऊन घड्या घालून बॅगेत ठेवले, आणि चेंडू मात्र बाहेर ठेवला. ते बघून मला चूल पेटवावीशी वाटेना.

मांपिंगा, माझी जुनी मैत्रीण, तशीच सून म्हणून आलेली, मक्याचा भरडा निवडत बसली होती. मी तिच्यापुढं मनातली सगळी जळजळ ओकली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बोलायला बंदी आहे गं. गायला कोणी बंदी केलीय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सीमारेषेवर आम्ही बायका दिवसभर काठ्या आपटत गातो. कोणी झेल सोडला, गाणं. कोणी पहिल्याच चेंडूवर बाद, गाणं. त्या गाण्यावर रागवायचं नाही, हा आमचा कायदा आहे. गत्येनी तरुणपणी कप्तान होते, आणि एकदा नदीपलीकडच्या गावाविरुद्ध भोपळाही न फोडता परत आले होते. तो भोपळा आम्ही अजून गातो. दरवर्षी ते गुपचूप ऐकून घेतात आणि मान हलवतात. मैदान काही त्यांचा गोठा नव्हे.

नाताळचा दुसरा दिवस उजाडला. आमच्याकडं तो ऐन उन्हाळ्यात येतो, ऊन असं की हंडे बिनजाळाचे उकळावेत. लोन्वाबो येऊन झाडाखाली बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर गत्येनी, कोट घालून. सामना रंगात आला, दुपार कलली, आणि टेकडीवरून गुरं उतरली. पुढं गत्येनींचा लाल बैल. त्याचं नाव त्यांनी कॅप्टन ठेवलंय. पंचानं हात आडवा केला, पोरांनी चटई गुंडाळली, आणि सगळे पुरुष सवयीनं हंड्यांकडं वळले.

आम्ही झाकणं काढली नाहीत.

आम्ही उठलो, सगळ्या जणी, आणि गुरांच्या मागं चालू लागलो. गुरं जिथून मैदानात शिरली तिथं दोघी थांबल्या, हात पसरून, दाराच्या चौकटीसारख्या. बाकीच्या गुरांसोबत मैदान ओलांडून गेल्या आणि गुरं जिथून बाहेर पडतात तिथं पुन्हा दोघी तशाच उभ्या राहिल्या. काठ्या जमिनीवर आपटत होत्या. गाणं मी उचललं.

"गाईला वाट ठेवा हो, तिला तहान लागते.
पोरीला वाट ठेवा हो, तिलाही तहान लागते.
गाय गेली, सांजेला घरी आली.
पोर गेली, सांगा, कुणाची आली?"

शेवटची ओळ आम्ही पुन्हा पुन्हा म्हटली. मैदानावरचे पुरुष एकेक करून मान खाली घालायला लागले. ह्या गावात कुणाची पोरं परत आलीत? गत्येनींना चार लेकरं. दोन जोहान्सबर्गला, दोन केपटाउनला. घरी येतात ती कोणी मेलं की. त्या मोठ्या घरात म्हातारा एकटा जेवतो आणि बैलाशी बोलतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मला त्यांना दुखवायचं होतं का? हो, थोडं होतंच. पण गाता गाता माझा राग कुठं गेला कळलं नाही, आणि आम्ही दोघंही एकाच रिकाम्या घरातली माणसं आहोत असं वाटून गेलं.

गत्येनी उठले. कोणाकडं न बघता मैदानात आले. आमच्या दोन चौकटींपैकी पहिलीजवळ गेले, थोडं बाजूला सरकले, आणि काठी जमिनीत रोवली.

"दार इथं," ते लोन्वाबोला म्हणाले. "तिकडं दुसरं. कॅप्टन शिंगांसकट आत यायला हवा, तेवढं रुंद करा. बाकी तुमचं कुंपण तुम्हाला लखलाभ."

लोन्वाबो धावत आला. क्रिकेटच्या मैदानात गुरांची दारं कुठल्याच नकाशात नसतात, असं काहीबाही म्हणायला लागला. मग त्यानं आमच्याकडं पाहिलं, झाकलेल्या हंड्यांकडं पाहिलं, आणि दारं बसवता येतील म्हणाला. तरी जाता जाता त्यानं विचारलंच, बाबा, मग आता एकदा सगळ्यांचे हात वर करून घेऊ का?

"पोरा," गत्येनी म्हणाले, "ह्या गावात हात वर होतात ते फक्त षटकाराला."

तेव्हा कुठं आम्ही झाकणं काढली. असं मटण आयुष्यात खाल्लं नाही असं पुरुष म्हणत होते. भूक लागल्यावर सगळंच गोड लागतं, पण मी ऐकून घेतलं. घरी गेल्यावर वुयेल्वानं बॅग रिकामी केली आणि कपडे खुंटीला टांगले. मी पाठ फिरवून चूल फुंकत बसले, धूर डोळ्यांत जाईपर्यंत.

केंद्र बांधायला वर्ष लागलं. बांधणाऱ्यांनी दारांवरून कपाळावर हात मारून घेतला, पण दारं बसली. उद्घाटनाचा सामना शहरातल्या एका बड्या क्लबच्या पोरापोरींच्या संघाशी ठेवला. पांढरेशुभ्र कपडे, प्रत्येकाची वेगळी बॅग, आणि त्यांचा कप्तान असा फलंदाज की आमच्या पोरांना त्यानं पळवून पळवून दमवलं. त्याची सत्तरी झाली होती. जिंकायला थोड्याच धावा उरल्या होत्या आणि तो हसत खेळत मारत होता. आम्ही गात होतो, पण मांपिंगाचाही आवाज बसला होता.

दुपार कलली. पंचानं हात आडवा केला. दोन्ही दारं उघडली आणि कॅप्टन शिंगं हलवत आत आला.

शहरातली पोरं आधी खूप हसली. फोटो काढले. मग एक गाय खेळपट्टीजवळ उभी राहिली ती हलेचना. वासरू आईला शोधत दोनदा उलटं फिरलं. त्यांचा कप्तान बॅट टेकून उन्हात उभा, पंचाला विचारतोय अजून किती वेळ. पंच म्हणाला, गाईंना विचार. आमची पोरं सावलीत बसून निवांत जेवत होती. बाळपणापासून हेच करत आलीत ती. त्या कप्तानानं मात्र ताट नाकारलं. मी मनात म्हटलं, फसलास रे बाळा.

गुरं गेली, दारं लागली, आणि चेंडू वुयेल्वाच्या हातात दिला. ती लांबून धावत आली. त्या पोराचे पाय उभ्या उभ्या आखडले होते, लक्ष कुठंतरी गाईमागं गेलेलं. बॅट खाली यायच्या आत मधला दांडा उडून मागं पडला. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, मांपिंगा म्हणते ते सांगण्यासारखं नाही. त्यानंतर त्यांची रांग लागली एकामागून एक परत जायची. आम्ही जिंकलो. म्हाताऱ्या बायका मैदानात नाचल्या, मी धरून.

संध्याकाळी नव्या सभागृहात पहिली बैठक भरली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. आम्ही बायका सवयीनं मागच्या भिंतीला टेकून बसलो. गत्येनी उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले, आणि मग छाती काढून म्हणाले की आजची ती मोठी विकेट खरं तर कॅप्टनची, तशी ती भिंतीवर त्याच्या नावानं लिहून ठेवावी. पुरुष हसले, माना डोलावल्या.

मग त्यांनी मागं पाहिलं. सरळ माझ्याकडं.

"मारादेबे," ते म्हणाले, "हे छप्पर कुणाच्याही पूर्वजांचं नाही. तुला काही म्हणायचंय?"

मांपिंगानं मला कोपरानं ढोसलं. मी उठले.

"म्हणायचंय, भावोजी," मी म्हणाले. "बैलाला काय घालायचा तो पेंढा घाला. विकेट माझ्या नातीची आहे, तिचंच नाव लिहायचं."

गत्येनींनी काठी भिंतीला टेकवून दोन्ही हात वर केले, आणि त्यांच्यामागून अख्ख्या सभागृहानं.