आंधळ्या घराचा शेवटचा कैदी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कोठडी आहे. अंगाने गोल, डोक्यावर घुमटी आणि तोंडाला एकच जाडजूड दार. नेदर विक्सली गावाच्या चौकात, तळ्याच्या काठी, चर्च आणि 'नांगर' नावाचा दारूचा गुत्ता यांच्या बरोबर मध्ये मी उभी आहे. देवाकडे जाणारेही माझ्यावरूनच जातात आणि दारूकडे जाणारेही. मला खिडकी नाही, म्हणून गाव मला 'आंधळं घर' म्हणतं. दारात डोळ्याएवढी भोकं पाडलेला एक लोखंडी पत्रा आहे, तेवढाच माझा उजेड.

आता येणारे-जाणारे मला बघून "किती गोड!" म्हणतात आणि फोटो काढतात. अहो, कसली गोड! दारुडे, कोंबडीचोर आणि बायकोवर हात उचलणारे यांना रात्रभर डांबायला मला बांधलं. टेकडीवरच्या खाणीतून पिवळा दगड आणून एका गवंड्याने माझा घुमट पुरा केला. त्या संध्याकाळी मजुरी हातात पडताच गडी थेट 'नांगर'मध्ये गेला आणि असा काही धिंगाणा घातला, की गावकऱ्यांनी त्याला उचलून माझ्यातच आणून टाकलं. बांधणाऱ्याचंच पहिलं बिऱ्हाड! सकाळी बाहेर पडताना तो माझ्या बिजागऱ्यांची तारीफ करत होता.

माझी किल्ली गुत्तेवाल्याकडे असायची. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दाराच्या भोकातून पेला आत जात नसे, म्हणून कैद्याचे दोस्त लांब दांडीची मातीची चिलीम आणायचे. दांडी भोकातून आत सरकवायची, बाहेरून चिलमीच्या वाटीत बिअर ओतायची आणि आतल्या गड्याने ती ओढून प्यायची. शिक्षा कसली, जावयाचा पाहुणचारच तो. मी मात्र मनातून निश्चिंत असे. माझ्यात येणारा काहीतरी करून आलेला असायचा.

पुढे शहरात पोलीस ठाणं झालं. गरज सरो, वैद्य मरो! माझ्यात बटाटे ठेवले, कोळसा ठेवला, चर्चची मोडकी बाकं कोंबली. मोटारी वळवायला जागा होईल, पाडून टाका हिला, असंही कुणी कुणी म्हणायचं. पण मुलांनी मला टाकलं नाही. लपाछपीला मी, पाऊस आला की मी, आईचा मार चुकवायलाही मीच.

आता जे सांगायचं आहे, ते आठवलं की अजूनही माझ्या दगडांना ओल सुटते.

युद्ध संपून काही वर्षं झाली होती. बेरिल ही लोहाराची मुलगी. दोन वेण्या, गुडघे कायम खरचटलेले आणि मनाने फार हळवी. तिची मैत्रीण मेव्हिस तोंडाने तिखट. आमच्याकडे पाच नोव्हेंबरला माळावर मोठी आगटी पेटवून तिच्यात चिंध्यांचं बुजगावणं जाळतात. ते करायचं काम मुलांचं. घरोघरी जुने कपडे मागायचे, त्यात पेंढा भरायचा, आणि शेजारच्या वरच्या विक्सली गावची पोरं ते पळवून नेतात म्हणून आदल्या रात्री माझ्यात कोंडून ठेवायचं.

तळ्यापलीकडे ॲडा ट्रँटरबाई एकट्या राहायच्या. नवरा नव्हता, आणि एकुलता एक मुलगा लेन युद्धावर गेला तो परतला नव्हता. बहिणीकडे जायला निघताना त्या बेरिलला म्हणाल्या, "मागच्या दाराशी चिंध्या काढून ठेवल्यात गं. दार उघडंच आहे, घेऊन जा."

बेरिल गेली. दाराशी पोतं होतं, आणि पोत्याच्या अगदी वर खुंटीला एक तपकिरी कोट टांगलेला होता. कोपरावर ठिगळ, खांद्यावर धूळ. पोरीला वाटलं, हाही त्यातलाच.

माझ्या फरशीवर बसून त्या दोघींनी बुजगावण्याला तो कोट चढवला.

"अगं बेरे, बघ तरी! अगदी पाद्रीबाबा दिसतोय," मेव्हिस म्हणाली.

"पाद्रीबाबांचा कोट इतका चांगला कुठे असतो?" बेरिल म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

रात्रभर तो कोट माझ्या पोटात होता. त्याला तंबाखूचा वास होता, आणि आणखी एक वास होता. मित्रांनो, मी तो ओळखला. लेन लहानपणी माझ्यातच लपायचा, आणि मोठा झाल्यावर हाच कोट घालून माझ्या भिंतीला टेकून उभा राहायचा. मला सगळं कळत होतं, पण दगडाला कळून काय उपयोग? दुसऱ्या संध्याकाळी बुजगावणं आगटीवर चढलं आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. आगीच्या धगीत कोण कोट निरखून बघतो?

ट्रँटरबाई परत आल्या आणि त्यांनी रिकामी खुंटी पाहिली. रोज बाहेर पडताना त्या त्या कोटाच्या बाहीला हात लावायच्या, हे गावाला तेव्हा कळलं. त्यांचं रडणं तळ्याच्या अलीकडे मला ऐकू आलं.

मग चौकात, 'नांगर'मध्ये आणि चर्चच्या पायरीवर एकच चर्चा सुरू झाली. चिंध्यांचं पोतं नेणाऱ्या हळव्या बेरिलचा संशय कुणाच्या मनातही आला नाही. जुने कपडे कोण नेतं? चिंध्यावाला!

चिंध्यावाला एनॉक डार्बी घोडागाडी घेऊन गावोगाव हिंडायचा. चिंध्या द्या आणि फुगा घ्या. साबणाचे फुगे काढायची मातीची चिलीमही त्याच्याकडे मिळायची. बेरिलने त्याच्याकडूनच घेतली होती. तो पुन्हा गावात आला, तसा हवालदार पिगॉटने त्याच्या घोड्याचा लगाम धरला. चौकशीसाठी शहरातून गाडी येणार होती. तोवर त्याला ठेवायचं कुठे? हवालदाराच्या बायकोने तर निक्षून सांगितलं, "माझ्या स्वयंपाकघरात चोर बसायचा नाही!"

तेव्हा माझ्यातला कोळसा बाजूला सारला आणि त्याला आत बसवलं.

"अहो हवालदार, कोट नेऊन मी करू काय?" एनॉक ओरडला. "माझ्या अंगावरचा हाच अजून धड फाटत नाही!"

जिथे तो कोट पडला होता, तिथेच तो माणूस बसला होता. माझ्या जन्मात पहिल्यांदाच मला माझ्या दाराची लाज वाटली. ते लाकूड तडकून उघडावं असं फार वाटलं हो, पण नाही उघडलं.

बाहेर रिमझिम चालू होती. लोक लांबून बघून गेले. मग भोकाशी एक डोळा आला.

"डार्बीकाका, थंडी वाजतेय का?"

"कोण, बेरिल? मला नाही गं, माझ्या ड्यूकला वाजत असेल. गाडीतलं पोतं घालशील त्याच्या पाठीवर?"

तिने घोड्यावर पोतं घातलं. मग घरी पळत जाऊन चहा आणला. पेला भोकातून जाईना. तिने आपली फुग्यांची चिलीम आणली, दांडी आत सरकवली आणि वाटीत थोडा थोडा चहा ओतू लागली.

"अरे देवा," एनॉक हसला, "चहाला साबणाची चव लागतेय गं!"

बेरिल हसली नाही. "काका, तो कोट..." एवढं तिच्या तोंडून निघालं. मी श्वास रोखला. तेवढ्यात मागून मेव्हिसने तिचा दंड धरला आणि कानात म्हणाली, "वेडी आहेस का? तुलाच आत टाकतील. आणि ट्रँटरबाईंना काय सांगशील? जाळला म्हणून?"

बेरिलने चिलीम ओढून घेतली आणि ती पळत सुटली.

एनॉकच्या गाडीत काही सापडलं नाही. पोलिसांनी त्याला सोडलं, गावाने मात्र सोडलं नाही. त्याच्या घंटीचा आवाज आला की दारं बंद व्हायची. पुढे पुढे तो यायचाच थांबला.

बेरिल मोठी झाली, लग्न केलं, गावातच राहिली. दर रविवारी ती ट्रँटरबाईंना केक नेऊन द्यायची, त्यांचा कोळसा भरायची, शेवटच्या आजारात उशाशी बसली. "किती गुणाची गं पोर तू," बाई म्हणायच्या. परत जाताना बेरिल माझ्या भिंतीला हात लावून उभी राहायची आणि म्हणायची, "उद्या सांगते." त्या हाताला सुरकुत्या पडल्या. ट्रँटरबाई गेल्या. उद्या काही आला नाही.

आणि मग फिलिपाबाई गावात राहायला आल्या. फार उत्साही! म्हाताऱ्यांकडून लहानपणीच्या आठवणी गोळा करायच्या आणि जुन्या इमारती दुरुस्त करायच्या हा त्यांचा ध्यास. त्यांनी माझे सांधे बुजवले, दाराला तेल दिलं, घुमटावरचं गवत काढलं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू? पण मग त्यांनी दारावर लावायला पितळी पाटी करून आणली. 'या कोठडीचा शेवटचा कैदी : एनॉक डार्बी, कोटचोर.' पाटीवरचा पडदा ओढायचा मान सगळ्यात जुनी गावकरीण म्हणून बेरिलचा.

पितळेवर कोरलेलं कोण पुसणार? मी पडल्यावरही ते राहिलं असतं.

"गप पडदा ओढ आणि चहाला चल," काठी टेकत आलेली मेव्हिस त्या दिवशी तिला म्हणाली. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

तेवढ्यात फिलिपाबाई एका बाईला घेऊन आल्या. "बेरिलबाई, ही रोझी. एनॉक डार्बींची नात. वर्तमानपत्रात वाचून मुद्दाम आलीय."

पाटीवर काय आहे हे रोझीला ठाऊक असणारच. तिचा चेहरा कोरा होता. पण बेरिलचं नाव ऐकताच तिने पुढे होऊन तिचे दोन्ही हात धरले.

"त्या तुम्हीच? साबणाच्या चिलमीतून चहा देणाऱ्या? आजोबा शेवटपर्यंत सांगायचे हो. म्हणायचे, त्या अख्ख्या गावात एकटी ती पोर होती, जिचा माझ्यावर विश्वास होता."

 बेरिलने आपले हात सोडवून घेतले.

"विश्वास नव्हता गं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. तो कोट मी नेला होता."

मग तिने सगळं सांगितलं. मोठ्याने, चौकात, पाद्रीबाबा आणि अख्ख्या गावासमोर. पोतं, खुंटी, आगटी, आणि भोकापाशी अर्धं राहिलेलं वाक्य.

"तेव्हा लहान होतात तुम्ही, बेरिलबाई," फिलिपाबाई कशाबशा म्हणाल्या.

"कोट नेला तेव्हा लहान होते. नंतर नव्हते."

मेव्हिस खाली बघून पुटपुटली, "दंड मी धरला होता. तेही लिहा कुठेतरी."

रोझी रडली नाही आणि "जाऊ दे" असंही म्हणाली नाही. तिने माझं दार उघडलं, आत येऊन आजोबा बसले होते तिथे बसली, आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर बेरिलला म्हणाली, "फार अंधार आहे आत. तुम्हीही बसा थोडा वेळ."

"अहो, या वयात..." कुणीतरी म्हणालं. पण बेरिलने काठी मेव्हिसकडे दिली आणि ती आत आली. दार लागलं. ती फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मीही तिच्याबरोबर होते. मग भोकातून रोझीचा आवाज आला, "बेरिलआजी, थंडी वाजतेय का?"

पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलंय : 'या कोठडीचा शेवटचा कैदी, एनॉक डार्बी, निर्दोष होता.' ती वाचायला मुलं थांबतात. पण ज्याने वाचायला हवी होती, तो कुठे आहे? आणि ट्रँटरबाई तरी कुठे आहेत?

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या इमारतींना तेल द्या, आमचे सांधे बुजवा, तेही हवंच. पण आमच्यात कोंडलेलं जे खरं आहे, तेही जपा. भिंतीला कान असतात म्हणतात. असतात, मी शपथेवर सांगते. पण भिंतीला तोंड नसतं. तुम्हाला आहे. ते वेळेवर उघडा.