भेगेतलं मेण

मित्रांनो, मी ऐरण आहे; जुनी, नाकाचा टवका उडालेली आणि तोंडाने जरा फटकळ. क्रॅडली गावात, एका परसातल्या भट्टीपाशी मला रोवलं, तेव्हा माझा पहिला ठणत्कार ऐकून तीन गल्ल्यांतल्या कोंबड्यांनी एकदम अंडी घातली. खोटं वाटतं? वाटू द्या.

माझ्यावर केझाया नोक साखळ्या घडवी. सळई तापवायची, वाकवायची, टोकं ठोकून सांधायची. कडी निवली की ती टांगून हातोडीची टिचकी मारी आणि कान देई. कडी खणखणली तर ठीक. बद्द वाजली की पुन्हा आगीत. तिची साखळी कधी तुटली नाही. लोक तिचं कौतुक करत. माझं कोणी करत नसे, असो.

मला किळस आली ती त्या मंगळवारी. इनॉक सिव्हिटर नावाच्या दलालाला खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याची साखळी द्यायची होती. घाईत ती त्याने दुसरीकडून घडवून आणली आणि चार कड्यांना सांध्यावर भेगा! केझाया जेवायला गेल्याचं पाहून त्याने साखळी माझ्या पाठीवर पसरली. मेण, काजळी आणि लोखंडाचा कीस मळून भेगांत बोटाने चोपडला. वरून लवकर गंज चढावा म्हणून डब्यातलं घोडीचं मूत ओतलं. माझ्यावर! शी! हात असते तर मी नाक धरलं असतं.

बुधवारी सकाळी गाडीवान जोब प्रीस्ट साखळी न्यायला आला. केझाया दारातच थबकली.

"कसला मेला घाण वास हा?"

"मेणबत्ती सांडली," इनॉक म्हणाला. "तू कशाला नाक खुपसतेस? साखळी तुझी नाही."

"साखळी नाही, पण तिच्या भरवशावर खाली उतरतो तो नवरा माझाच आहे."

तिने टिचकी मारली. बद्द.

"गंजलीय जरा, म्हणून," इनॉक हसला.

भट्टीच्या कडेला केझायाचा चहाचा डबा उकळत होता. तिने तो उचलून कडीवर पालथा केला. सांध्यातून काळी लाळ गळली आणि भेग जांभई दिल्यासारखी उघडी पडली.

जोब वाकला, हुंगला आणि लालबुंद झाला. "अरे चोरा! काल डबा घेऊन माझ्या घोडीमागे उभा होतास तो यासाठी? वर म्हणतोस, डॉक्टरने सांगितलंय! ही घाण माझ्या गाडीत चढणार नाही."

साखळी तशी गेली नाही. केझायाने चारही कड्या माझ्यावरच तोडल्या आणि नव्या घडवल्या. शनिवारी त्याच साखळीच्या पाळण्यातून तिचा नवरा खाणीतून धडधाकट वर आला आणि चहा पांचट झालाय म्हणून कुरकुरला. इतकी गोड कुरकुर मी पुन्हा ऐकली नाही.

इथल्या इंग्रजी भाषेत 'फोर्ज' म्हणजे भट्टी, फोर्ज म्हणजे तापवून घडवणं आणि खोटं बनवणं म्हणजेही फोर्जच. केझाया आणि इनॉक एकाच शब्दात राहतात, हे मला मुळीच खपत नाही.

आता मी एका दारूच्या गुत्त्यासमोर, डोक्यावर फुलांची कुंडी घेऊन उभी आहे. परवा कोणीतरी माझ्या फुटक्या नाकात मेण भरून वर काळा रंग फासला. म्हणे, छान दिसते!

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पण त्यांच्या भेगा लपवू नका. आणि इकडून गेलात, तर माझ्या नाकावर थोडा गरम चहा ओता.