पहिली धार

धोंडिरामने सुबोधच्या तोंडावर पहिला ठोसा मारला तेव्हा सुनंदा टाकीपाशी वाकून तापमान बघत होती. ती वळेपर्यंत दुसरा बसला होता. सुबोधचा चष्मा जाऊन भिंतीवर आदळला आणि तो स्वतः चिपाडांच्या ढिगात कोसळला.

घाटकोपरच्या टेकडीखालच्या त्या गाळ्यात शनिवारी दुपारी सुबोध आणि सुनंदा ही दोनच माणसं असायची. सुबोध केमिस्ट्रीतला डॉक्टर, अंगाने काडी, बोलायला मवाळ. सुनंदा बावन्न वर्षांची, टेकडीवरच राहणारी, चार वर्षांपासून त्याची ऑपरेटर. रसवंतीवाल्यांकडून उसाची चिपाडं यायची, ज्यूसवाल्यांकडून मोसंबीची सालं. ती शिजवून त्यातली साखर मोकळी करायची आणि यीस्टला खायला घालायची. साधं यीस्ट लाडावलेल्या जावयासारखं असतं, आवडीचं तेवढं खातं आणि चिपाडातली लाकडी साखर पानात टाकून उठतं. सुबोधने चार वर्षं त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवून ती साखरही खायला लावली होती. त्यातून निघणारं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी. सगळं परवान्यानिशी. पण गाळ्यातून वास यायचा तो दारूचाच, आणि टेकडीवर वासावरून माणसं बरंच काही ठरवून मोकळी होतात.

धोंडिरामने ठरवलं होतं की ही हातभट्टी आहे. बरोबर दोन दांडगे आणि एक लोखंडी सळई घेऊन तो आला होता, आणि त्याला पहिल्या धारेची हवी होती. सुबोध एवढंच म्हणाला होता, "अहो, ही प्यायची नाही."

आता ते तिघं त्याला लाथा घालत होते. बरगडीत, पोटात, परत बरगडीत. सळईवाल्याने मधेच फळीवरच्या बाटल्या फोडल्या आणि यीस्टचं पांढुरकं पाणी सुबोधच्या रक्तात मिसळत मोरीकडे निघालं.

"धोंड्या! सोड त्याला, मेल्या!"

तो वळला. तिला ओळखून हसला.

"आयला, सुनंदावहिनी! शामची बायको भट्टी लावते? झकास!"

वहिनी. अठरा वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि सुनंदाच्या अंगाची लाही लाही झाली. गटारीचा दिवस होता तो. हाच धोंड्या दारूने भरलेली रबरी ट्यूब खांद्यावर टाकून टेकडी चढून आला होता आणि दारातून ओरडला होता, "वहिनी, ग्लास काढ, पहिल्या धारेची आहे, खास शामसाठी!" तिने ग्लास काढून दिला होता. स्वतःच्या हाताने, विसळून. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, तिचा नवरा श्यामसुंदर म्हणाला होता, "लाईट लाव गं." दुपारपर्यंत तो गेला. टेकडीवरची अकरा माणसं गेली. धोंड्या जामिनावर सुटला आणि खटला अजून चालूच आहे.

मिथेनॉल हा शब्द तिने पहिल्यांदा कोर्टात ऐकला. दुसऱ्यांदा ऐकला तो या गाळ्यात, कामाच्या पहिल्याच दिवशी. मोसंबीच्या सालांतून थोडं मिथेनॉल सुटतंच, आणि ऊर्ध्वपातनात ते सगळ्यात आधी बाहेर येतं, असं सुबोधने सांगितलं होतं. म्हणून पहिली धार वेगळी काढायची, लाल कॅनमध्ये. भट्टीवाले जिच्यासाठी जीव टाकतात, तीच इथे विष.

धोंडिरामची नजर कॅनवर गेलीच. "ही बघ. कोपऱ्यात दडवून ठेवलीय!" त्याने झाकण उडवलं, वास घेतला, डोळे मिटले. मग फळीवरचा तिचा चहाचा स्टीलचा ग्लास उचलून काठोकाठ भरला.

"धोंड्या, विष आहे ते."

"चांगला माल स्वतःला ठेवायचा असला की सगळे हेच सांगतात, वहिनी."

"मी खरं सांगते. आंधळा होशील. मरशील."

"तुझ्या नवऱ्याच्या नावाने पितो, बस?"

त्याने ग्लास वर नेला. पिऊ दे त्याला, असं सुनंदाला वाटलं. मनापासून वाटलं, त्यात खोटं काही नाही. तिने दोनदा बजावलं होतं, साक्षीला माणसं होती, देवालाही बोट ठेवायला जागा नव्हती. उद्या दहा वाजता त्यानेही उन्हात लाईट लावायला सांगावं आणि तिने ते दारात उभं राहून ऐकावं. अठरा वर्षं दुसरं मागितलं तरी काय होतं तिने? ग्लास त्याच्या ओठांपर्यंत आला. तिचाच ग्लास, तिनेच सकाळी विसळलेला.

तिने टाकीवरचा पाइपपाना उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या मनगटावर घातला.

हाड कडाडलं. ग्लास उडाला. धोंडिराम गुरासारखा ओरडत खाली बसला, पंजा भलत्याच दिशेला लोंबत होता. सळई तिच्या खांद्यावर बसली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी तिने लाथ मारून कॅन मोरीत उलटा केला आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत पाना उगारून मोरीच्या तोंडाशी उभी राहिली. दुसऱ्या वेळी सळई कमरेत बसली. शेजारच्या गाळ्यातले कामगार धावून आले तेव्हा कुठे ते तिघं पळाले.

सोमवारी पोलिसांनी दोन्ही बाजूंच्या तक्रारी लिहून घेतल्या. सुबोध इस्पितळातच होता, तीन बरगड्या गेल्या होत्या. चौकीच्या पायरीवर धोंडिरामची बायको जानकी उभी होती. सुनंदा लंगडत बाहेर येताच तिने काडकन तिच्या मुस्काटात मारली.

"घोटभर दारूसाठी हात मोडलास माझ्या माणसाचा? डॉक्टर म्हणतात, जन्माचा वाकडा राहणार!"

सुनंदाने गालावर हातसुद्धा नेला नाही.

"जानकी, सकाळी त्याला तुझं तोंड दिसलं ना गं?"

"न दिसायला काय झालंय त्याला?"

"मग घरी जा," सुनंदा म्हणाली आणि पायऱ्या उतरली. त्या गटारीला कुणी श्यामसुंदरचा हात असा मोडला असता, तर तिने त्या माणसाचे पाय धरले असते.