वाचल्या कोण?

१९८६ साली बोईसरच्या आमच्या कारखान्यात फ्रान्सहून यंत्र आलं आणि त्याची पुस्तिका वाचायचं काम माझ्यावर पडलं. मी बी.एस्सी. झालेली, फ्रेंच शब्दकोश आणि व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकत होते. तीन महिन्यांत आमच्या नवापूर गावात सगळीकडे झालं, "नलूला फ्रान्सचं वाचता येतं."

म्हणून त्या रविवारी वत्सलाकाकी पत्र घेऊन आली. मागे सून प्रेमला, हातांना बोंबलाचा वास. काकीचा मुलगा, प्रेमलाचा नवरा दामू एका फ्रेंच प्रवासी बोटीवर इंजिनात कामाला होता. बोट बुडाल्याचं आठवड्यापूर्वी कळलं होतं. पुढचं काहीच नाही.

"दामू हाय का नाय, येवढंच सांग," काकी म्हणाली.

कंपनीने घरोघर पाठवलेलं छापील पत्र, चार ओळींचं. नाव कोणाचंच नव्हतं. बोट बुडाली, एवढं कळलं. पुढच्या वाक्यात 'सोव्ह' होतं. 'सोफ' म्हणजे सुखरूप. स्त्रीलिंगात त्यातला 'फ' जाऊन 'व्ह' येतो. इथे तर स्त्रीलिंगी अनेकवचन होतं. नियम मला पाठ होता: शंभर बायकांत एक पुरुष असला तरी विशेषण पुल्लिंगी होतं. म्हणजे वाचलेल्यांत एकही पुरुष नव्हता.

"वाचल्या," मी म्हटलं. 

"वाचल्या?" प्रेमलाने डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हाताने घट्ट धरल्या. "वाचल्या कोन, ते तर वाच!"

मी वही ओढली. चुकायचं तर लिहून चुकावं, ही प्रयोगशाळेतली सवय. 'बोटीवरची सर्व माणसं' असं लिहिलं आणि थांबले. मग 'वाचल्या' कशा? पत्रात 'माणसं'साठी शब्द होता 'पर्सोन'. कोश उघडला. त्या शब्दापुढे स्त्रीलिंगाची खूण होती. पुरुष असो की बाई, शब्द स्त्रीलिंगीच. विशेषण नामाशी जुळत होतं, माणसाशी नाही. मी 'माणसं' खोडून 'व्यक्ती' लिहिलं. सर्व व्यक्ती वाचल्या. आपणही असंच म्हणतो.

"काकी, दामू हाय. सगळेच हायत. यांनी माणसाला व्यक्ती म्हटलंय, आणि व्यक्ती 'ती' असते."

काकीने पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजी माझा दामू 'ती'?"

"कागदावर."

"ती तर ती," प्रेमला म्हणाली आणि मग तिने हात सोडला. बांगड्यांचे वळ मनगटावर उमटले होते.