एकटीला आरामात

परदेशात आरामात राहायला किती पगार लागतो, हा प्रश्न गौतमी तायडेने गेल्या तीन आठवड्यांत भेटेल त्याला विचारला होता, आणि आता तिला त्या प्रश्नाचाच वीट आला होता. बरं, दोन माणसांचं उत्तर एक निघेल तर शपथ. ऑफिसातले साहेब म्हणाले, डोळे मिटून जा. साहेब स्वतः उभ्या जन्मात जयपूर सोडून कुठे राहिले नव्हते. डब्लिनमधल्या भारतीयांच्या ग्रुपवर एक जण म्हणे मजेत भागतं, तर दुसरा म्हणे घरभाडं भरा आणि उरलेल्या पैशांत पाव-दूध खाऊन देवाचं नाव घ्या. आरामात म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवावं, दुसरं काय!

शेवटी तिने स्वप्नीलला फोन लावला. तो अमरावतीचा, पूर्वी तिच्याच ऑफिसात होता आणि आता चार वर्षं डब्लिनला होता. गोडगोड बोलणं त्याला कधीच जमलं नाही.

"एकटीला आरामात होईल," तो म्हणाला. "आईला नेणार असशील, तर विसर. पाहुणी म्हणून येतील, दोन-तीन महिने राहतील. पण कायमचं बोलवायचं तर तिथलं सरकार पगार बघतं. तो तुझ्या ऑफरच्या फार वरचा हवा, आणि तोही तिथं आधी काही वर्षं कमावून दाखवलेला."

"मतलब, आत्ता नाहीच."

"आत्ता नाहीच. नंतरही सांगता येत नाही."

उद्या दुपारपर्यंत डब्लिनच्या कंपनीला होकार किंवा नकार कळवायचा होता. आणि आईला तिने एवढंच सांगितलं होतं, की तिकडे नोकरी मिळतेय. पुढचं वाक्य रोज ओठांवर यायचं आणि रोज ती ते गिळायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नसे. तशात एवढं मोठं वाक्य कुठून उचलणार?

आईनेही जास्त काही विचारलं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता एखादा प्रश्न यायचा. तिकडे थंडी किती पडते? ज्वारी भेटते का? बाजार घरापासून लांब तर नाही? लेकीची काळजी वाटतेय, असं गौतमीने धरलं आणि प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी सोडाल्याच्या स्टॉपवर ती बसमधून उतरली तेव्हा एप्रिलचं ऊन कलूनही रस्ता तापलेलाच होता. घराच्या फाटकाशी घरमालक शेखावतजी झाडांना पाणी घालत होते. तिला पाहून त्यांनी पाइप खाली ठेवला.

"बेटी, बधाई हो. माताजी ने तो पहले ही बता दिया, अच्छा किया. आज नए किराएदार एडवांस दे गए. पहली तारीख से आ रहे हैं."

गौतमी हसली. अशा वेळी माणूस हसतोच. "जी, अंकलजी," म्हणाली आणि जिना चढायला लागली. पाचव्या-सहाव्या पायरीवर तिच्या डोक्यात उजेड पडला, आईने घर सोडायचं सांगून टाकलं होतं.

आता हे समजायला तायड्यांचं घर माहीत हवं. गौतमीचे वडील आनंदराव मालगाडीवर गार्ड होते. बडनेरा, खंडवा, कोटा आणि शेवटी जयपूर. बदलीचा हुकूम आला की गौतमीची आई द्वारकाबाई आधी क्वार्टर सोडायचा अर्ज द्यायला लावायची आणि मग रडायला बसायची. मुदतीनंतर क्वार्टर अडवून ठेवणाऱ्या बायांना ती नावं ठेवायची. आपण जायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारलाच नाही. रेल्वेच्या पासावर तिघांची नावं असायची, मग बाकी काय विचारायचं? चार वर्षांपूर्वी आनंदराव गेले, तेव्हाही तिने रेल्वे कॉलनीतलं घर मुदतीआधी रिकामं करून दिलं आणि इथे दोन खोल्यांत येऊन राहिली.

गौतमीने दार ढकललं. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर तेवढी जागच्या जागी होती. भांडी उतरवलेली, गाद्या बांधलेल्या. खिडकीतला कूलर नव्हता आणि त्याच्या जागी लाकडाची रिकामी चौकट होती. मधोमध वर्तमानपत्रावर ती काळी लोखंडी पेटी. प्रत्येक बदलीला आनंदराव तिच्यावर पांढऱ्या रंगाने नवं गाव लिहायचे. आज जुनी सगळी नावं काळ्या रंगाखाली गेली होती, आणि वर ताज्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'द्वारकाबाई आनंदराव तायडे, गौतमी आनंदराव तायडे, डब्लिन'.

"हात नोको लावू, ओलं हाये," द्वारकाबाई आतून म्हणाली. "चारदीवारीतून, जुन्या शहरातून, पेंटर आनला. बोटीनं जाते म्हने सामान, खरं का व?"

"आई, कूलर कुठाय?"

"खालच्या प्रतिमाले देला. तठी थंडी असते म्हनली ना तू? मंग कूलर कायले पाहिजे?"

गौतमी पिशवीसकट जमिनीवर बसली. तिला राग आला, खूप राग आला, आणि तो आईवर आला, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"तुला कुणी सांगितलं तू येणार म्हणून?"

द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "कोनी कायले सांगाव लागते? तुही बदली झाली. बदली झाली का सारं घर जाते."

"ही बदली नाहीये, आई! नोकरी आहे. मला एकटीला दिलीय." गौतमीचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. ती इतकी थकली होती, की वाक्य मऊ करायलाही जोर उरला नव्हता. "माझ्या पगारात तू बसत नाहीस."

बोलून झालं.

द्वारकाबाई बांधलेल्या गादीवर टेकली. तिने विचारलं, "कितीक कमी पडते?"

"खूप."

"माही पेन्शन धर त्यात."

"धरली तरी नाही, आई. तिकडच्या पैशांत तुझी पेन्शन भाज्यांनाही पुरायची नाही. आणि ते माझाच पगार बघतात."

"म्हंजे तठी माय परवडत नाही," द्वारकाबाई म्हणाली. टोमणा नव्हता तो. नवीन गावचा भाव समजून घ्यावा, तसं ती म्हणाली.

"मी नाही म्हणून कळवते. उद्या कळवते. इथे काय वाईट चाललंय आपलं?" हे बोलताना गौतमीला स्वतःचाच आवाज खोटा वाटला. तिला जायचं होतं, पण ते स्वतः ठरवायचं नव्हतं. तीन आठवडे ती पगाराचे आकडे विचारत फिरत होती, कारण कुणीतरी म्हणावं 'एवढ्यात भागत नाही, जाऊ नकोस', म्हणजे न जाण्याचा दोष आपल्यावर येणार नाही. तसं कुणी म्हणालंच नाही. आणि ज्वारी भेटते का, हे आई स्वतःसाठी विचारतेय, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. कळून न कळल्यासारखं केलं, कारण तेच सोपं होतं.

"नाही कायले कळवते?" द्वारकाबाई म्हणाली. "तुह्या बाबाची पहिली बदली झाली खंडव्याले, तवा माही माय बडनेऱ्याच्या फलाटावर उभी होती. एकटीच होती बिचारी, मी तिची एकच पोरगी. म्हने, मले घेऊन चाल. आता सासरच्या पासावर तिचं नाव कुठून येईन? म्या तिकडं पाह्यलं बी नाही. सामानाचे डाग मोजत बसली गाडी हालेपर्यंत." ती थांबली. "तिनंही मंग काढलेच ना दिवस."

एवढं बोलून ती उठली. मोरीतून रॉकेलची बाटली आणि फडकं आणलं आणि पेटीपुढे बसली. रंग ओला होता, पटकन निघत होता. आधी 'द्वारकाबाई' गेली. गौतमीने पुढे होऊन तिचा हात धरायला हवा होता. ती बघत बसली.

"गच्चीवरची खोली रिकामीच हाये शेखावतजीची," पुसता पुसता द्वारकाबाई म्हणाली. "एकटीले पुरते. सांग त्याइले."

"मे महिन्यात ती खोली भट्टी होते, आई."

"म्हनूनच म्हनते. तो कूलर तेवढा प्रतिमाकडून वापस आन. मले लाज वाटते मांगाले, देऊन देलेला. तू जाय."

गौतमी उठली. पुन्हा तोच जिना. प्रतिमाभाभीचं दार उघडंच होतं. कूलरसमोर तिची दोन पोरं पाट टाकून अभ्यासाला बसली होती, वह्यांची पानं फडफडत होती. भाभी हात पुसत पुढे आली.

"अरे आओ, आओ. माताजी तो इतनी खुश थीं आज. कब निकल रही हो दोनों?"

आपण जातोय, हे गौतमीने अजून कंपनीला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

"मैं अकेली जा रही हूँ, भाभी," ती म्हणाली. "वो कूलर वापस चाहिए था."

भाभी वाकली आणि तिने कूलरचं बटण बंद केलं. पोरांनी वह्यांवरून मान वर करून आईकडे पाहिलं.